नापास मोटरबोट

“बाबा, तुम्हाला पोहता येतं का?” लेकीने फोनवर विचारलं.

“नाही.”

“मग मोटरबोट बघायला कशाला चाललाय?”

“नुसती बघायची आहे गं. बघायला पोहावं लागत नाही.”

“आणि आवडली म्हणजे?”

“आवडणार नाही,” लिफ्टसाहेब ठामपणे म्हणाले. “मला पहिल्या खेपेला काहीही आवडत नाही.”

हे मात्र अगदी खरं होतं. त्यांचा सगळा जन्म सरकारी खात्यात लिफ्ट तपासण्यात गेला होता, म्हणून तर त्यांना हे नाव पडलं. स्वतः राहायचे तळमजल्यावर. शेजारी गमतीने म्हणत, आतलं सगळं माहीत आहे ना, म्हणून साहेब वर जात नाहीत. एक विजेरी, एक छोटी हातोडी आणि एक तांबडी पेन्सिल घेऊन ते इमारतींमागून इमारती हिंडले, पण पहिल्या खेपेला एकही लिफ्ट त्यांच्या हातून पास झाली नाही. कुठला तरी नट ढिला निघायचाच. तो समोर आवळून घेतला, की साहेब नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत तांबडी रेघ ओढायचे. पुढच्या खेपेला रेघ सरळ असली तर नट जागचा हललेला नाही, आणि रेघ तुटलेली असली तर तो कुणीतरी फिरवलाय किंवा कशानेतरी फिरलाय. “पहिल्याच खेपेला पास करायची तर मी आलो कशाला?” असं ते विचारायचे आणि इमारतीचे व्यवस्थापक हात जोडून उभे राहायचे.

बायको होती तेव्हा ती कधीकधी विचारायची, “लग्नाला इतकी वर्षं झाली, मला तरी पास केलंत का?” हे म्हणायचे, “अजून एक तपासणी बाकी आहे.” मग दोघंही हसायची. ती गेली आणि तपासणी राहिली ती राहिलीच. पुढे नोकरीही संपली. पूर्वी साहेब आले म्हटलं की खुर्ची पुसली जायची, चहा यायचा, चारचौघं त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची. आता त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला आरशाशिवाय कुणी नव्हतं, आणि आरशाला तरी किती वेळा नापास करणार?

म्हणून त्यांनी एक उद्योग शोधून काढला होता. पेपरातल्या जुन्या वस्तूंच्या छोट्या जाहिराती वाचायच्या आणि फोन लावायचा. घ्यायचं काहीच नाही. शिलाई मशीन, कपाट, पियानो, व्यायामाची सायकल, काहीही चालायचं. “किती वर्षं वापरलंय? आवाज करतं का? का विकताय?” एवढं विचारेपर्यंत समोरचा “तुम्हाला घ्यायचंय का नाही?” म्हणून फोन ठेवायचा. लोकांना भारी घाई. मोटरबोटीच्या जाहिरातीवर मात्र उलटंच झालं. समोरचा माणूस फोन ठेवेचना. इंजिन सांगून झालं, रंग सांगून झाला, त्या दिवसाची हवासुद्धा सांगून झाली, आणि शेवटी तोच म्हणाला, “असं फोनवर काय कळणार? या की रविवारी. चहा टाकतो.”

आता चहा टाकतो म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? साहेब गेले.

बोटवाल्यांचं घर अगदी पाण्याला लागून होतं. दोन खोल्या, पुढे थोडं अंगण, आणि अंगणात लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली मोटरबोट. पूर्वी ते या काठावरून त्या काठावर माणसं न्यायचे. मग पूल झाला. तो तिथेच, डोक्यावर म्हणावा इतका जवळ होता, आणि त्यावरून दिवसभर गाड्या सुसाट जात होत्या. ज्यांना रोज हाताला धरून बोटीत चढवलं ती सगळी माणसं आता वरून जात होती, आणि एकाचीही मान खाली वळत नव्हती. घरात एक विधवा बहीण होती, तीही मुलाकडे राहायला गेली. हे सगळं बोटवाल्यांनी पहिल्या कपातच सांगून टाकलं.

साहेबांनी विजेरी काढली, हातोडी काढली आणि कामाला लागले. बोटीची अवस्था बघून त्यांना इतका आनंद झाला की काय सांगावं! रंगाचे पोपडे, मोडकी बैठक, गंजलेली कडी, आणि ढिल्या नटांना तर गणतीच नव्हती. असं भरलेलं ताट त्यांच्यापुढे कैक दिवसांत आलं नव्हतं.

“हे बिजागर गेलंय.”

“गेलंय खरं,” बोटवाले मान हलवून म्हणाले.

“हा पत्रा फाटलाय. इथून पाणी आत येईल.”

“येतंच.”

“अशी कशी घेणार मी?”

“नकाच घेऊ. आधी मी दुरुस्त करतो, मग बघा.”

“मग पुढच्या रविवारी येतो,” साहेब म्हणाले. हे वाक्य तोंडातून निघालं आणि त्यांना एकदम बरं वाटलं. इतक्या दिवसांनी त्यांना कुठेतरी पुन्हा जायचं होतं.

पुढच्या रविवारी बिजागर नवं होतं. साहेबांनी त्यावर तांबडी रेघ ओढली आणि बैठक नापास केली. त्याच्या पुढच्या रविवारी बैठक झाली होती, तर सुकाणू जड लागत होतं. असं चाललं. शनिवारी साहेब शर्टाला इस्त्री करायला लागले. बोटवाल्यांनी दुसरा कप आणला, कारण त्यांच्याकडचा दुसरा कप कानतुटका होता आणि तो साहेबांनी न बोलता नापास केला होता. तपासणीला अर्धा तास आणि गप्पांना उरलेली सकाळ. साहेब अडकलेल्या लिफ्टच्या गोष्टी सांगायचे, बोटवाले अडकलेल्या बोटींच्या. दोघांच्याही गोष्टींत शेवटी माणसं सुखरूप बाहेर यायची.

इकडे लेक दर आठवड्याला विचारायची, “झालं का ठरवून?”

“घाई कशाला?”

“बाबा, लोक घरसुद्धा याच्यापेक्षा लवकर घेतात!”

“म्हणून तर गळतात,” साहेब म्हणायचे.

पण दोष झाले तरी किती असणार? एका रविवारी साहेबांनी बोट पुढून पाहिली, मागून पाहिली, खाली आडवं पडून पाहिली. सगळं ठीक होतं. आता काय म्हणायचं? घेतो म्हणायचं तर बोट ठेवायची कुठे, आणि नाही म्हणायचं तर पुढच्या रविवारपासून इथे यायचं कुठल्या तोंडाने? घाम पुसत त्यांनी मागच्या बाजूला विजेरी मारली, आणि तिथली तांबडी रेघ तुटलेली दिसली. शेजारचीही तुटलेली. तिच्या शेजारची तर नटाबरोबर पार अर्धं वळण घेऊन गेलेली. आणि बोट तर ठोकळ्यांवर उभी. ना पाण्याचा धक्का, ना इंजिनाची थरथर.

साहेबांनी हळूच वर पाहिलं. बोटवाले आभाळाकडे बघत उभे होते. त्यांच्या खिशातून पान्याचं टोक बाहेर आलं होतं.

इतक्या वर्षांच्या नोकरीत नट ढिला आहे हे लपवणारे साहेबांना ढिगाने भेटले होते. आपल्यासाठी नट ढिला करून ठेवणारा माणूस हा पहिलाच. त्यांना भरून आलं. पण तपासणी ती तपासणी. ते खाकरले आणि म्हणाले, “हे तीन ढिले आहेत.”

“अरेरे,” बोटवाले म्हणाले. “आपोआप झाले असतील.”

“होतात. हवेने होतात,” साहेब म्हणाले.

त्या दिवशी बस न पकडता ते पूल चालत ओलांडून गेले आणि वर थांबून खाली अंगणाकडे बघून त्यांनी हात केला. खालून लगेच हात आला.

आता हे असंच चालत राहायला काय हरकत होती? पण घोळ साहेबांनीच घालून ठेवला होता. आठवड्यामागून आठवडा त्यांनी दोष काढले आणि बोटवाल्यांनी ते इमानदारीत दुरुस्त केले. त्यात बोटवाले एकटे. रिकामा वेळ खायला उठायचा, म्हणून त्यांनी न सांगितलेलीही कामं केली. निळा रंग दिला, वर पांढरा पट्टा मारला, पितळी कड्या घासून लख्ख केल्या. भंगारात जायची ती मोटरबोट नवरीसारखी नटली. आणि पुलावरून जाणाऱ्या माणसांच्या माना, ज्या इतकी वर्षं वळत नव्हत्या, त्या वळायला लागल्या.

त्यातली एक मान एका हॉटेलवाल्याची होती.

तो रविवारीच उगवला, ऐन तपासणीच्या वेळी. रस्त्यावर ट्रक उभा, ट्रकवर छोटी क्रेन. माणूस तसा हसतमुख, बोलायला गोड.

“वरून रोज बघतो हो तुमची बोट. विकायची आहे म्हणे?”

बोटवाल्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बोटवाल्यांकडे पाहिलं.

“विकायची तशी... आहे,” बोटवाले म्हणाले. अख्ख्या गावाला इतकी वर्षं तेच सांगत आले होते, आता एकदम नाही कसं म्हणणार?

“मग झालं तर! सांगाल ती किंमत. घासाघीस करायची मला सवय नाही.”

बोट आता जाणार हे साहेबांना दिसलं. पण ते असे तसे हार मानणारे नव्हते. त्यांनी विजेरी उचलली. “अहो, घाई करू नका. मी तपासतोय कधीपासून. फार दोष आहेत हिच्यात. मागचे तीन नट ढिले आहेत.”

“चार,” बोटवाले चटकन म्हणाले.

“सुकाणू जड आहे.”

“डावीकडे वळवलं की उजवीकडे जाते,” बोटवाल्यांनी भर घातली.

“इंजिन सुरू होत नाही.”

“आणि झालं तर बंद होत नाही!”

साहेबांनी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं. हॉटेलवाला मात्र हसत होता. “असू द्या हो. इंजिन मी काढूनच टाकणार आहे. मला ही पाण्यात घालायचीच नाही. हॉटेलच्या बागेत ठेवणार. मुलं चढतील, उड्या मारतील, आईबाप शांतपणे जेवतील.”

झालं! या मोटरबोटीत साहेबांनी जे जे म्हणून शोधलं होतं त्यातला एकही दोष आता दोष राहिला नव्हता. इतक्या रविवारांची मेहनत एका वाक्यात पाण्यात गेली, तीही पाणी नसलेल्या बागेत. हॉटेलवाल्याने क्रेनवाल्याला खूण केली. बोटवाल्यांचा चेहरा पार उतरला. पान्याशी चाळा करत ते म्हणाले, “आता... म्हणजे आताच न्यायची?”

“ती विकली गेलीय,” साहेब एकदम म्हणाले.

“कुणाला?”

“मला.”

“कधी?”

“तुम्ही यायच्या जरा आधी.”

“मग तुम्ही अजून तपासताय कशाला?”

“सवय,” साहेब म्हणाले.

हॉटेलवाल्याने डोळे बारीक केले. “काका, भाव वाढवायला तर बोलत नाही ना? तसं असेल तर मी जास्त देतो. नाहीतर तुमची झाली म्हणता आणि इथेच कशी?”

“नेणारच होतो,” साहेब म्हणाले.

“नेणारच होते,” बोटवाले म्हणाले. “गाडी मिळत नव्हती.”

हे बोटवाले बोलले आणि तिथेच सगळं फसलं. कारण हॉटेलवाला खरोखरच भला माणूस होता. “एवढंच ना? मग माझी गाडी रिकामी जाण्यापेक्षा तुमच्या घरी सोडतो की! भाडंबिडं काही नको. वयस्कर माणसाचं तेवढं काम झालं तर मला बरंच वाटेल.”

आता काय बोलणार? नको म्हणावं तर खोटं उघडं पडतं आणि बोट बागेत जाते. हो म्हणावं तर बोट घरी जाते. दोघंही “अहो कशाला, अहो राहू द्या” करत असतानाच क्रेनने बोट उचललीसुद्धा. साहेबांनी तिथल्या तिथे चेक लिहून दिला आणि तो बोटवाल्यांनी खिशात घातला, पण दोघांपैकी एकानेही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ट्रक निघाला. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्या साहेबांनी मागे वळून पाहिलं. अंगणात नुसते ठोकळे होते आणि त्यांच्यामध्ये बोटवाले उभे होते. हात करावा की नाही हे त्यांना समजत नसावं. साहेबांनाही समजलं नाही.

सोसायटीत बोट उतरली तेव्हा सेक्रेटरी बनियनवरच धावत आले.

“साहेब, हे काय आहे?”

“वाहन.”

“ही बोट आहे!”

“माझ्या नावाची पार्किंगची जागा आहे. आजवर मी तिथे साधी सायकल लावली नाही.”

“पण इथे पाणी कुठंय?”

“आपल्याकडे संध्याकाळनंतर कुणाच्याच नळाला नसतं,” साहेब म्हणाले. सेक्रेटरी वर निघून गेले. ते नळाच्या तक्रारींना जेवढे घाबरायचे तेवढे बोटीला नक्कीच घाबरत नव्हते.

लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी ओरडली आणि मग तिने हळूच विचारलं, “बाबा, तुम्ही ठीक आहात ना?”

“ठीक आहे की. ठीक नसायला काय झालं?”

“मी येऊ का दोन दिवस?”

“नको. तुझी कामं असतील,” ते म्हणाले, आणि तिची होतीच.

पुढचे दिवस काही केल्या सरेनात. साहेब रोज बोटीत जाऊन बसायचे. एका बाजूला शेजाऱ्यांची मोटार, दुसऱ्या बाजूला मीटरची खोली. वरच्या मजल्यावरच्या बाई येता जाता विचारायच्या, “काय साहेब, कुठवर पोचलात?” साहेब हसायचे. विजेरी घेऊन त्यांनी बोट पुन्हा तपासली आणि सापडलेला नट न नट स्वतःच्या हाताने आवळून टाकला. दोष काढायचा कुणाकडे? सांगायचं कुणाला? आपल्याच बोटीला आपणच नापास करण्यात काही राम नाही. दोनतीनदा त्यांनी फोन हातात घेतला. पण म्हणायचं काय? बोट कशी आहे विचारावं तर ती इथे समोर उभी. नुसतंच कसे आहात म्हणून फोन करायची त्यांना सवय नव्हती. बोटवाल्यांचाही फोन आला नाही. बोट वाचवायच्या नादात आपण रविवार घालवून बसलो, हे त्यांना आता पुरतं कळून चुकलं होतं. फार एकटं वाटत होतं. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच इतकं.

रविवार उजाडला. सवयीने साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आणि जायचं कुठेच नाही हे आठवून तसेच खुर्चीत बसून राहिले.

बेल वाजली.

दारात बोटवाले होते. केस तेल लावून चापून बसवलेले, हातात विजेरी आणि एक छोटी हातोडी. हातोडीच्या दांड्यावर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

“नमस्कार,” ते अगदी परक्या माणसासारखे म्हणाले. “इथे एक जुनी मोटरबोट विकायची आहे असं कळलं.”

“कुणाकडून कळलं?” साहेबांनी विचारलं.

“कुणाकडून नाही. पण ज्या माणसाला पोहता येत नाही आणि जो तळमजल्यावर राहतो, त्याने ती विकायलाच काढली असणार, असा आपला अंदाज.”

“तशी... विकायची आहे.”

“मग बघू तरी.”

दोघं पार्किंगमध्ये आले. बोटवाल्यांनी आधी बोटीभोवती एक चक्कर मारली, अगदी तोंड वाकडं करून. बैठक दाबून पाहिली. कडी ओढून पाहिली. हातोडीने ठकठक केलं, पण चुकीच्या टोकाने. साहेबांनी हातोडी त्यांच्या हातात उलटी फिरवून दिली. मग बोटवाले गुडघे मोडून खाली बसले आणि विजेरी मारून नट बघायला लागले. एक नट, दुसरा नट, तिसरा नट. बघता बघता त्यांचं अवसान गळायला लागलं.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“सगळे पक्के आहेत हो,” बोटवाले पडलेल्या आवाजात म्हणाले. “काहीच दोष नाही.”

साहेबांनी कपाळावर हात मारला. हे त्यांचंच काम. आठवडाभर दुसरं करायला होतं काय?

मग साहेबांनी हात पुढे केला. “पाना आणलाय का?”

बोटवाल्यांनी खिशातून पाना काढून दिला. साहेब हळूहळू, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. त्यांनी मागचा एक नट धरला आणि बोटवाल्यांच्या डोळ्यांदेखत, जराही लाज न वाटता, तो चांगला दोन फेरे सैल केला. मग त्यांनी पाना परत दिला.

“आता बघा,” ते म्हणाले.

बोटवाल्यांनी विजेरी मारली. त्यांनी नटाला हात लावला, हलवून पाहिला आणि गंभीर चेहऱ्याने मान वर केली. “हा तर ढिला आहे.”

“आहे खरा.”

“अशी कशी घेणार मी?”

“आठवड्यात आवळून ठेवतो, साहेब.”

“मग पुढच्या रविवारी पुन्हा यावं लागेल मला.”

“या,” लिफ्टसाहेब म्हणाले. “सकाळी जरा लवकरच या. दोष पुष्कळ निघतील.”